मागच्या चाकाची बेअरिंग चार महिन्यात तीनदा गेली, नक्की चुकतंय कुठं?

माळावरचा
मंडळी नमस्कार. गाडी १०० सीसी, २०१४ ची, रोज गावातनं बार्शीला ये-जा, रस्ता कसा आहे ते तिकडच्यांना सांगायला नको. जूनपासून मागच्या चाकाची बेअरिंग तीनदा बदलली. पहिल्यांदा चाक डुगडुगायला लागलं म्हणून, दुसऱ्यांदा घरघर आवाज यायचा, आणि परवा तर डावीकडचं बेअरिंग असं फुटलं की छर्रे हबमध्ये (चाकाच्या मधल्या गोळ्यात) सांडले अन् त्याच्या आतला पत्र्याचा पिंजरा चुरा होऊन हातात आला. मेकॅनिक म्हणतो माल आता पहिल्यासारखा येत नाही. दुकानदार म्हणतो माल चांगलाय, बसवणारा धड नाही. दोघांनाही पैसे मीच देतोय. बेअरिंगवर ६३०१ लिहिलंय, पहिल्यांदा साधी टाकली, नंतर दोन्ही वेळा नावाजलेल्या कंपनीची. फरक शून्य. कुणाला काय अंदाज?

खडखड_एक्सप्रेस
डुप्लिकेट असणार भावा. बाजारात खोक्यासकट डुप्लिकेट मिळतं. खोक्यावरचा कोड कंपनीच्या अ‍ॅपवर स्कॅन करून बघ.

माळावरचा
स्कॅन केला होता दादा, ओरिजनल दाखवलं. बिल पण आहे.

जुना_फिटर
तीनदा तीच जागा म्हणजे बेअरिंगला दोष देऊन उपयोग नाही. मी ३१ वर्षं चिंचवडला मेंटेनन्सला होतो, परत परत त्याच शाफ्टवर बेअरिंग जायला लागलं की आम्ही नवीन मागवायच्या आधी जागा तपासायचो. एक काम कर. गाडी मेन स्टँडवर घे. चेन उतरव, ब्रेकचा रॉड पूर्ण ढिला कर म्हणजे ब्रेकचे शू घासत नाहीत याची खात्री. आता एक्सलचा नट नेहमीइतका घट्ट ठेवून चाकाला हाताने एक झटका दे आणि फेऱ्या मोज. मग नट दोन आटे ढिला करून तेवढाच झटका दे, परत मोज. दोन्ही आकडे इथं लिही. नवीन बेअरिंग टाकली असतील तरच, फुटक्यावर करू नको.

माळावरचा
काल नवीन जोडी टाकूनच आणलीय काका (चौथी!!). आत्ताच केलं, पोरगा मोजायला उभा होता. नट घट्ट असताना जेमतेम पाऊण फेरी, जड जड फिरतं आणि थांबतं. नट ढिला केल्यावर सहा फेऱ्या, सातव्याला थांबलं. हे काय आहे?

जुना_फिटर
सापडलं. तुझ्या हबमध्ये दोन बेअरिंगच्या मधली नळी एकतर नाहीच, नाहीतर आखूड आहे. चाक खोल आणि फोटो टाक.

दुचाकीप्रेमी_नाशिक
काका जरा सविस्तर सांगा ना, आमच्यासारख्यांना पण कळेल. नट घट्ट केल्यावर बेअरिंगला काय फरक पडतो? नट तर एक्सलवर असतो.

जुना_फिटर
सांगतो, मोबाईलवर टाइप करतोय तेव्हा चुका सांभाळून घ्या.

बेअरिंगला दोन कड्या, आतली आणि बाहेरची, मधे छर्रे. बाईकच्या चाकात एक्सल फिरत नाही, हब फिरतो. बाहेरची कडी हबमध्ये ठोकून घट्ट बसलेली, आतली कडी एक्सलवर नुसती सरकून बसते. हबच्या आत दोन्ही बाजूला एक पायरी असते, तिच्यावर बाहेरची कडी टेकते. म्हणजे बाहेरच्या दोन कड्यांमधलं अंतर हबने ठरवलं. आता आतल्या दोन कड्यांमधलं अंतर कोण ठरवणार? तर ती नळी, स्पेसर. नट आवळला की ब्रेक प्लेट, उजवी आतली कडी, नळी, डावी आतली कडी, बुश, सगळं एका रांगेत दाबलं जाऊन एक घट्ट दांडा होतो आणि छर्रे मोकळे राहतात. नळी पायरीच्या अंतरापेक्षा केसभर मोठीच असायला पाहिजे.

नळी दोन मिलिमीटर आखूड असली तर नट आवळताना आतल्या कड्या एकमेकीकडे खेचल्या जातात, बाहेरच्या पायरीवर अडलेल्या. छर्रे तिरके दाबले जातात. हे बेअरिंग वरून येणारं वजन पेलायला केलंय, असं बाजूने पिळायला नाही. म्हणून घट्ट असताना पाऊण फेरी आणि ढिलं केलं की सहा.

आणि लोड दुप्पट झाला की बॉल बेअरिंगचं आयुष्य निम्मं होत नाही, आठवा हिस्सा होतं. तिप्पट झाला तर सत्ताविसावा.

खडखड_एक्सप्रेस
एवढं शास्त्र कशाला लागतं राव. आमच्याकडचा मिस्त्री दगडावर हब ठेवतो, बेअरिंग वर ठेवतो, चार हातोडे हाणतो, झालं. माझी गाडी पाच वर्षं चालली तशी.

लेथवाली
पाच वर्षं चालली कारण नळी जाग्यावर होती आणि तुमच्या मिस्त्रीचा हातोडा नशिबाने बाहेरच्या कडीवर पडला. नेहमी पडत नाही ओ. आमच्या शॉपला (कोल्हापूर, उद्यमनगर) जे हब आणि मोटरची कव्हरं येतात ना त्यातली निम्मी ठोकून बिघडवलेली असतात.

नियम एकच, जी कडी घट्ट बसवायचीय तिच्यावरच दाब द्यायचा. हबमध्ये बसवताना बाहेरच्या कडीवर, मोटरच्या शाफ्टवर चढवताना आतल्या कडीवर. उलटं केलं की हातोड्याचा सगळा मार छर्ऱ्यांमधनं जातो. ६३०१ चं स्टॅटिक रेटिंग साधारण ४ किलोन्यूटन, म्हणजे ४०० किलोच्या आसपास. एवढ्यानेच ट्रॅकवर (छर्रे धावतात त्या खाचेवर) बारीक कायमचा दाब उमटायला सुरुवात होते, आणि ते रेटिंग सरळ वजनाचं, बाजूने त्याच्या अर्ध्यावरच थांबलेलं बरं. एक किलोच्या हातोड्याचा एक झणझणीत दणका त्या क्षणाला त्याच्या कितीतरी वर जातो. छर्रा ट्रॅकला टेकतो टाचणीएवढ्या जागेवर, तिथं खळगा पडतो. डोळ्याला दिसत नाही. नंतर प्रत्येक फेरीला छर्रा त्या खळग्यात उतरतो अन् चढतो, तीच ती घरघर. नवीन बेअरिंग, पहिल्या दिवसापासून आजारी.

माळावरचा
फोटो टाकलाय बघा. आत नळी आहे!! पण मला ती कंपनीची वाटत नाही. लाईट फिटिंगच्या पाइपाचा तुकडा दिसतोय, एका टोकाला करवतीचे दात स्पष्ट दिसतात आणि कापलंय पण तिरकं. टेबलावर उभी केली तर कललेली उभी राहते 😡

दुचाकीप्रेमी_नाशिक
😂😂 हे भारी आहे

जुना_फिटर
घ्या. कधीतरी कुणीतरी चाक खोललं, नळी गडगडत गटारात गेली, आणि हा जुगाड झाला. जूनच्या आधी काही काम निघालं होतं का?

माळावरचा
मे महिन्यात टायर बदललं होतं. तेव्हा बेअरिंग पण "खराब झालंय" म्हणून बदललं होतं त्यांनी. त्याच्या आधी आठ वर्षं ओरिजनल बेअरिंग होती, शपथ. दुकानाचं नाव घेत नाही, रोजचं तोंड बघायचंय.

लेथवाली
माळावरचे दादा, नवीन नळी लेथवर करून घेऊ नका, तुमच्या मॉडेलची कंपनीची स्पेसर पार्टच्या दुकानात सहज मिळते. आम्ही करून दिली तर तुम्हाला महाग पडेल आणि अंतर मोजायला तुम्हालाच हब घेऊन यावं लागेल. पण एक तपासा. बेअरिंग हबमध्ये जाताना घट्ट जातंय का? तीन वेळा काढघाल झालीय, भोक मोठं झालं असणार. नवं बेअरिंग बोटाने दाबून बघा, किती जातं.

माळावरचा
ताई, डावीकडे अजिबात जात नाही, ठोकूनच बसतं. उजवीकडे मात्र अंगठ्याने आत गेलं आणि उलटं धरल्यावर पडलं पण. आणि आत भोकाच्या भिंतीला गोल गोल टिंबं मारलेली आहेत, डिझाईन केल्यासारखी.

लेथवाली
ती टिंबं म्हणजे सेंटर पंच. सैल झालेल्या भोकात पंचाने खळगे मारायचे म्हणजे कडेला धातू उचलला जातो आणि बेअरिंग तात्पुरतं अडकतं. तीन-चार आठवडे. मग ते उंचवटे दबतात, कडी हबमध्ये फिरायला लागते, अ‍ॅल्युमिनियम घासून काळी पावडर येते. बेअरिंग चांगलं आणि हब भंगारात.

आकडा सांगते. ६३०१ बाहेरून ३७ मिमी. चाकात बाहेरची कडी फिरते म्हणून ती हबमध्ये २० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास दाबात बसायला हवी. डोक्याचा केस ७० मायक्रॉन धरा, त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी. एवढ्याशा फरकात घट्ट आणि सैल ठरतं आणि तुम्ही तिथं पंच मारताय! मोटरमध्ये उलटं, तिथं शाफ्ट फिरतो म्हणून आतली कडी शाफ्टवर दाबात आणि बाहेरची कव्हरात हलकी सरकती. ६२०५ असेल तर २५ चा शाफ्ट आम्ही के६ मध्ये काढतो, दोन ते पंधरा मायक्रॉन मोठा, आणि ५२ चं भोक एच७ (के६, एच७ ही मापातल्या सुटीची नावं). फिरणारी कडी घट्ट, उभी कडी मोकळी, हे एवढं डोक्यात ठेवलं तरी पुरे.

तुमच्या उजव्या बाजूला दोन उपाय. भोक बोअर करून आत स्लीव (धातूचं कडं) दाबून परत ३७ ला फिनिश करायचं. नाहीतर सैलपणा अगदी थोडा असेल तर लॉकटाइटचं हिरवं चिकटवण मिळतं, तेल पूर्ण पुसून लावायचं. पण उलटं केल्यावर पडतंय म्हणजे स्लीवच करा.

ट्रकवाला_नगर
लेथवाली ताई बरोबर बोलतायत. आमच्याकडं ट्रॉलीच्या हबला हाच प्रॉब्लेम. पण आमची टेपर बेअरिंग, कप (बाहेरची कडी) आणि कोन (रोलरसकट आतली कडी) वेगळे, तिथं नळी नसते, सगळं नटवर. आणि इथंच पोरं फसतात, बाईकसारखा नट आवळून टाकतात. टेपरला हब हाताने फिरवत फिरवत नट आवळायचा म्हणजे रोलर नीट जाग्यावर बसतात, जड लागायला लागला की मागे घ्यायचा, स्प्लिट पिनची खाच जुळेपर्यंत. हब धरून हलवला तर अगदी किंचित प्ले जाणवला पाहिजे. अजिबात नाही जाणवला तर ५० किमीला हबवर हात ठेवता येणार नाही, जास्त ठेवला तर चाक डोलतं. आणि पिन नवी टाका, ५ रुपयाची पिन वाचवून मी एकाचं चाक ऊसाच्या फडात गेलेलं बघितलंय.

अजून एक. नवा कोन जुन्या कपात घालू नका. आणि ग्रीस बोटाने वरवर फासायचं नाही. तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्यायचा, कोनची रुंद बाजू त्याच्यावर थाप थाप दाबायची, पलीकडून रोलरच्या मधनं ग्रीस शेवयासारखं बाहेर यायला लागलं की तेवढा भाग भरला. मग जरा फिरवून पुढचा.

कुट्टीवाला
धागा बघून विचारतो, वेगळा काढत नाही. आमच्या कडबा कुट्टीला यूसीपी २०५ ब्लॉक (शाफ्ट धरणारे, आत बेअरिंग असलेले) आहेत. ग्रीस देतो तरी शाफ्ट आत घसरतो, शाफ्टला चरे पडलेत. काय करावं?

जुना_फिटर
बेअरिंगच्या आतल्या कडीला दोन ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे छोटे स्क्रू) असतात, ते ढिले पडले. शाफ्टवर जिथं स्क्रू टेकतो तिथं कानसने छोटी सपाट जागा कर, म्हणजे स्क्रू धरतो आणि काढताना चरा पण पडत नाही. आणि क्रम चुकवू नको. आधी दोन्ही ब्लॉकचे बोल्ट हलके, शाफ्ट हाताने चार वेळा फिरव, ब्लॉक आपोआप सरळ होतात, मग बोल्ट घट्ट, सगळ्यात शेवटी ग्रब स्क्रू. पट्टा फार ताणू नको.

गोथेनबर्गची_वहिनी
तो ब्लॉक "आपोआप सरळ होतो" ना, त्याच्या मागे आमच्या गावची गोष्ट आहे 😄 यूसीपी ब्लॉकमध्ये बेअरिंगची बाहेरची बाजू गोलाकार असते म्हणून ते ब्लॉकच्या आत कलू शकतं. कलणाऱ्या बेअरिंगची ही कल्पना नावारूपाला आली ती इथं स्वीडनमधल्या गोथेनबर्गला १९०७ मध्ये, स्वेन विंगक्विस्ट नावाचा कापड गिरणीतला इंजिनिअर होता. गिरणीच्या खालची जमीन चिकणमातीची, इमारत खचायची, लांबलचक शाफ्ट वाकडे व्हायचे आणि बेअरिंग जायची. त्याने दोन ओळी छर्ऱ्यांचं, बाहेरच्या कडीत कलणारं बेअरिंग केलं आणि त्याच वर्षी एसकेएफ ही बेअरिंगची कंपनी सुरू झाली. यूसीपीची रचना त्याहून वेगळी आहे पण दुखणं तेच. कुट्टी शेतात मातीवर ठेवता तेव्हा तुमची पण जमीन खचतेच की.

जुना_फिटर
वहिनी, आणि तीच कंपनी आमच्या चिंचवडला. सकाळी शिफ्टला जाताना रोज गेट लागायचं.

दुचाकीप्रेमी_नाशिक
मूळ प्रश्नावर या. हबमध्ये न ठोकता बसवायची काही युक्ती? घरी प्रेस नाही.

लेथवाली
गरम करायचं. अ‍ॅल्युमिनियम लोखंडापेक्षा जवळपास दुप्पट फुगतं. ३७ चं भोक ७० डिग्रीने तापवलं तर ६० मायक्रॉन मोठं होतं. आणि बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, पिशवीत बांधून, ते वीस एक मायक्रॉन लहान होतं. दोन्ही मिळून ८०, दाब होता २०, म्हणजे बेअरिंग टप्पकन पडतं आत. हीट गन नसेल तर हबच्या भोकावर कढत पाणी सावकाश ओता, मग लगेच कोरडं पुसा. बेअरिंगला दव धरतं ते पण पुसा. वेल्डिंगचा गॅस मात्र लावू नका, हबला नाही आणि बेअरिंगला तर मुळीच नाही. मोटरच्या शाफ्टवर चढवायला बेअरिंग तापवतात ते ११० च्या आसपास थांबवतात, १२० च्या वर नाही, पोलाद नरम पडायला लागतं. रबर सील आणि आतलं ग्रीस असेल तर त्याच्याही अलीकडे.

जुना_फिटर
आणि ठोकायचंच असेल तर जुनं बेअरिंग फोडून त्याची बाहेरची कडी ठेवायची. ग्राइंडरवर बाहेरून थोडी उतरवायची आणि एका जागी चीर मारायची, म्हणजे हबमध्ये अडकून बसत नाही. नव्यावर ती ठेवून वरून सॉकेट किंवा पाइप, सगळीकडून सारखं. आवाज ऐक. जात असताना ठक ठक येतो, तळाला टेकलं की आवाज टणक होतो. तिथं थांबायचं.

क्रम, बाळा, नीट वाच. एक बाजू पूर्ण आत, पायरीला टेकेपर्यंत. हब उलटा कर. नळी टाक. (लोक इथंच विसरतात आणि मग दोन्ही बेअरिंग बसवून नळी हातात घेऊन बघत बसतात.) एक्सल आरपार घालून नळी मधोमध धर. मग दुसरं बेअरिंग, आतली कडी नळीला टेकली की बस. नळीला टेकल्यावर अजून ठोकलंस तर छर्रे परत तिरके दाबशील, मग इतका वेळ आपण काय केलं.

काढलेलं बेअरिंग परत बसवायचं नाही. काढताना नळी स्क्रूड्रायव्हरने बाजूला सरकवून पलीकडून आतल्या कडीवरच ठोकावं लागतं, म्हणजे ते काढतानाच मेलं.

कारवाला_ठाणे
कारबद्दल एकच वाक्य कारण माझे ६००० गेलेत. एबीएस असलेल्या कारच्या पुढच्या चाकाच्या बेअरिंगला एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकाची पट्टी असते, सेन्सर ती वाचतो. ती बाजू सेन्सरकडे पाहिजे. माझ्याकडे उलटं दाबलं, एबीएसचा दिवा, परत काढलं म्हणजे परत नवीन. वर गाडी जॅकवरून खाली घेऊन मगच एक्सल नट आवळला, आधी चार फूट ढकलली पण. त्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की नट ढिला असताना चाकावर वजन टाकू नका.

खडखड_एक्सप्रेस
हे एक वाक्य होतं? 😂

माळावरचा
रिपोर्ट देतो. उशीर झाला, सोयाबीन काढणी चालू होती.

हब बार्शीच्या लेथला दिला, उजवीकडे स्लीव घालून दिली, ४५० रुपये. नळी कंपनीची आणली, ९० रुपये, जुन्या तुकड्याशेजारी ठेवली तर तो जवळपास अडीच मिलिमीटर आखूड, तिरक्या बाजूने तीन. बेअरिंग बायकोच्या फ्रीजमध्ये ठेवली रात्री (मटारच्या पिशवीखाली, सकाळी बोलणी खाल्ली). हबवर चहाच्या पातेल्यातलं पाणी. ताई खोटं नाही सांगत, डावीकडचं बेअरिंग नुसतं वर धरलं आणि सोडलं, खट् करून खाली बसलं. उजवीकडे नळीला टेकल्याचा आवाज पण ओळखू आला, काकांनी लिहिलं तसाच.

नट घट्ट असताना फेऱ्या : आठ. नट ढिला असताना : आठ. पोरगा म्हणाला बाबा परत करा, मग परत केलं, आठच.

आज ११०० किमी झाले, काही आवाज नाही.

जुना_फिटर
शाब्बास.

लेथवाली
४५० मध्ये स्लीव स्वस्त केली हो त्यांनी 😀

माळावरचा
आणि हे राहिलं. मे महिन्यात टायर जिथं बदललं तिथं गेलो, भांडायला नाही, नुसता तो पाइपाचा तुकडा दाखवायला. मालक नव्हता, पोऱ्या होता. तो म्हणाला थांबा दादा आणि आतनं पत्र्याचा बिस्किटाचा डबा आणला, काउंटरवर उपडा केला. त्यात नट, वॉशर, आणि अशा कंपनीच्या मधल्या नळ्या. मी मोजल्या, अकरा. विचारतो कसा, "तुमची कुठली बघा ह्यातली."